गावातली पायी सफर : कामाच्या नोंदी (भुयारासकट)

११ जानेवारी, रविवार

पहिली मीटिंग झाली. सात जण आले, पाच येतील असं धरलं होतं म्हणजे वाईट नाही. ठरलं एवढंच की गावातल्या जुन्या जागा लोकांना पायी फिरवून दाखवायच्या, फुकट, दाखवणारे आपणच, आपल्यात कुणी इतिहासाचा प्राध्यापक नाही आणि कुणाला एक पैसा मिळणार नाही. नोंदी मी ठेवायच्या असं सगळ्यांनी मिळून ठरवलं कारण माझ्याकडे पेन होतं.

तारीख १८ एप्रिल. हा दिवस जगभर स्मारकं आणि वारसास्थळांचा दिवस म्हणून पाळतात, इकोमॉस नावाच्या संस्थेने १९८२ मध्ये सुचवला आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने मान्य केला. खरं सांगायचं तर आम्हाला त्या दिवसाचं फार काही नव्हतं, पण तारीख नसली तर हे काम दोन वर्षं "करू की" मध्येच जाणार हे सातही जणांना माहीत होतं. यंदा शनिवार येतोय, ते बरंच झालं.

मग कुठल्या जागा दाखवायच्या यावर सगळे एकदम बोलायला लागले. अर्ध्या तासात २३ जागा. आणि सातपैकी सहा जणांनी सगळ्यात आधी नाव घेतलं ते भुयाराचं. जुन्या बाजारातून निघून नदीपलीकडे जाणारं, आत घोडेस्वार जाईल एवढं उंच. कुणी पाहिलंय का विचारलं तर कुणीच नाही, पण प्रत्येकाच्या ओळखीत एक जण आहे ज्याने पाहिलंय.

१४ जानेवारी

शीट बनवली. रकाने असे : जागा, काय सांगायचं, हे कुणी सांगितलं, पुरावा, लोकांना उभं कुठे करायचं, परवानगी कुणाची. पुराव्याच्या रकान्यात तीनच खुणा. 'का' म्हणजे कागद सापडलाय, 'डो' म्हणजे डोळ्याने दिसतं (पाटी, कोरलेलं साल, विटांचा प्रकार), 'ऐ' म्हणजे ऐकीव. कॉलेजातल्या मुलीची आयडिया, मला आधी वाटलं उगाच वाढीव काम आहे.

भरल्यावर कळलं की सांगायच्या ६१ गोष्टींपैकी ३८ समोर 'ऐ' आहे. म्हणजे आपल्याला गावाबद्दल जे माहितीय असं वाटतं त्यातलं अर्ध्याहून जास्त कुणीतरी कट्ट्यावर सांगितलेलं आहे. भुयारासमोर 'ऐ' टाकलं तर सरांचा रात्री साडेदहाला फोन, "अहो त्याला कशाला ऐकीव म्हणता, मी चाळीस वर्षं मुलांना सांगतोय." सर आमच्यातले सगळ्यात वडील, शाळेत शिकवायचे, अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलंय. काय बोलणार. खूण तशीच ठेवली, फोनवर मात्र बघतो म्हटलं.

१८ जानेवारी, रविवार

सगळ्या २३ जागा चालून बघितल्या, स्टॉपवॉच लावून. ४.६ किलोमीटर आणि तीन तास पन्नास मिनिटं, तेही ऐकणारा कुणी नसताना, आम्ही आमच्यातच बोलत. सोळाव्या जागेनंतर कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

इंजिनिअर म्हणाला की बोस्टनमध्ये फ्रीडम ट्रेल म्हणून आहे, १९५१ पासूनची, तिच्यावर १६ जागा आणि साधारण ४ किलोमीटर, मग आपल्याला का जमू नये. बरोबर आहे पण तिथे रस्त्यावर लाल पट्टाच आखलेला आहे, माणूस आपापला त्या पट्ट्यावरून जातो, दमला की सोडून देतो, दुसऱ्या दिवशी उरलेलं बघतो. आपल्याकडे वीस माणसं एका बोलणाऱ्याच्या मागे उभी राहणार. चालण्याने माणूस एवढा थकत नाही, उभं राहून थकतो, हे आज पायांनीच सांगितलं.

एकटा माणूस तासाला ५ किलोमीटर सहज चालतो, घोळका ३ च्या वर जात नाही. तेव्हा दीड तास हे माप पक्कं केलं आणि उलटा हिशोब केला : ९ जागा, प्रत्येकी ६ मिनिटं, झाली ५४. उरली ३६, तेवढ्यात १.८ किलोमीटर. म्हणजे १४ जागा उडवायच्या. हे ग्रुपवर टाकायचं काम माझ्यावर आलं, टाकलं आणि फोन सायलेंटवर ठेवून झोपलो.

२५ जानेवारी, रविवार

भांडण झालंच, पण कामाचं झालं. प्रत्येकाची एक जागा लाडकी आणि ती काढली की घरातलं माणूस वगळल्यासारखं तोंड होतं. "महत्त्वाची कुठली" असं विचारलं की भांडण संपत नाही हे तासाभराने कळलं, मग ताईंनी प्रश्नच बदलला. (ताई वाचनालय सांभाळतात, दोन वाक्यांत मीटिंग आटपायची त्यांना सवय आहे.) त्या म्हणाल्या, तिथे उभं राहिल्यावर माणसाला बोटाने दाखवता येईल असं काय आहे ते सांगा, नसेल तर ती जागा पुस्तकात घाला, रस्त्यावर नको.

धडाधड नावं गेली. पहिल्या मुख्याध्यापकांचं घर गेलं, तिथे आता नवीन बिल्डिंग आहे. सर म्हणाले की घर नसलं म्हणून माणूस नव्हता का. मुद्दा आहे. लंडनमध्ये थोरामोठ्यांच्या घरांवर पाट्या लावायची योजना १८६६ ला निघाली आणि तिथली पहिलीच पाटी, कवी बायरनच्या जन्मघराची, घरासकट गेली कारण ते घर १८८९ ला पाडलं. पण शेवटी सर स्वतःच म्हणाले की पार्किंगकडे बोट दाखवून मी सहा मिनिटं काय बोलू.

त्याच योजनेतला एक नियम मात्र उचलला, माणूस जाऊन २० वर्षं झाल्याशिवाय पाटी नाही. आम्ही तो सफरीला लावला, गेल्या २० वर्षांतल्या कुणाचं कौतुकही नाही आणि उणंदुणंही नाही. याने किमान तीन संभाव्य भांडणं वाचली, कुणाकुणाची ते लिहीत नाही.

राहिलेल्या ९ : स्टेशन, पूल, जुनी विहीर, शाळा, वाचनालय, घड्याळाचा मनोरा, जुना छापखाना, धान्याचं गोदाम, आणि बाजारचौक, म्हणजेच भुयार. भुयार काढा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही, माझीही नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयात दिवसभर. ताईंनी मागच्या खोलीतलं कपाट उघडून दिलं, धूळ एवढी की दोघांना शिंका थांबेनात.

एका घरातून आलेलं एक पिक्चर पोस्टकार्ड सगळ्यात भारी निघालं. पूल आणि मागे मनोरा. मागची बाजू मधोमध उभ्या रेघेने विभागलेली आहे, एकीकडे मजकूर, एकीकडे पत्ता. ही सोय सगळ्यात आधी ब्रिटनने १९०२ ला दिली, अमेरिकेत १९०७ ला आली, त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा आणि ख्यालीखुशाली चित्राच्या कडेला कोंबायची. म्हणजे आपलं कार्ड १९०२ च्या आधीचं नाही. पोस्टाचा शिक्का १९११ चा. तेव्हा कार्ड या नऊ वर्षांत छापलं, फोटो त्याआधी कधीतरी काढून ठेवलेला असू शकतो. आणि भिंगातून बघितलं तर मनोऱ्यावर घड्याळच नाही! गोल भोक आहे नुसतं. खाली कोरलेलं साल मनोऱ्याचं आहे आणि आम्ही सगळे आजवर ते घड्याळाचं म्हणून सांगत होतो. 'डो' खूण पण चुकू शकते हे लक्षात आलं, डोळ्याला दिसतं ते साल, ते साल कशाचं ते आपण ठरवलेलं असतं.

इंजिनिअरने विहिरीच्या दगडांच्या दरजा बघून "हे सिमेंट आहे, म्हणजे बांधकाम फार जुनं नाही" असं जाहीर केलं होतं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ चं, इथपर्यंत त्याचं बरोबर. पण दरज कोरून बघितल्यावर (मालकांच्या परवानगीने आणि नखाने, छिन्नीने नाही) सिमेंट वरचं अर्धा इंच, आत पांढरा चुना. कुणीतरी नंतर दुरुस्ती केलीय. जुन्या बांधकामाचं वय डागडुजीवरून काढायचं नाही, असं त्याने स्वतःच वहीत लिहिलं आणि सही केली.

८ फेब्रुवारी, रविवार

म्हाताऱ्या माणसांशी बोलणं सुरू केलं. दोन दोनच्या जोड्या, एकाने बोलायचं, दुसऱ्याने रेकॉर्डिंग बघायचं. आधी परवानगी रेकॉर्डवरच घ्यायची, नाव सांगू का, आवाज ऐकवू का, वेगवेगळं विचारायचं.

पहिल्या घरी मी घोळ घातला. "किती साली?" असं विचारत सुटलो आणि आजी गप्पच झाल्या, परीक्षेला बसवल्यासारखं वाटलं त्यांना. दुसऱ्या घरी कॉलेजच्या मुलीने विचारलं, "आजी, हे तुमच्या लग्नाआधीचं की नंतरचं? मोठा मुलगा तेव्हा चालायला लागला होता का?" आणि सगळं सरळ लागलं. माणसाला साल लक्षात राहत नाही, पण मूल कडेवर होतं की नाही हे पक्कं लक्षात राहतं. मुलाच्या जन्माचं साल माहीत असतंच, तिथून हिशोब आपण करायचा.

छापखान्याच्या आवाजाबद्दल तिघांनी तीन वेगवेगळ्या घरी एकच सांगितलं, की रात्री मशीन बंद पडलं की शेजारची मुलं जागी व्हायची. आवाज थांबला की जाग. हे कुठल्या कागदात मिळणार होतं? खूण 'ऐ' आहे पण मी याला भुयाराच्या 'ऐ' शेजारी बसवणार नाही. हे त्यांनी स्वतः भोगलेलं आहे, भुयार सगळ्यांनी दुसऱ्याकडून ऐकलंय. शीटमध्ये 'ऐ१' आणि 'ऐ२' केलं. शीटचा बाप म्हणवून घेण्याच्या मार्गावर आहे मी.

११ फेब्रुवारी

परवानग्या. गोदामाचे मालक हो म्हणाले, आत नाही पण फाटकापर्यंत. आणखी एका जुन्या घराचे मालक आधी हो म्हणाले होते, आता फोन उचलत नाहीत, म्हणजे नाही. रस्त्यावरून दिसतं तेवढं दाखवू, पण खिडकीसमोर वीस जण उभे करायचे नाहीत, आपल्या घरासमोर कुणी केलं तर आपल्याला आवडेल का.

१५ फेब्रुवारी, रविवार

भुयार.

पुलाखाली नदीच्या काठाला एक कमानीचं तोंड आहे, लोखंडी जाळी लावलेलं. तेच भुयाराचं दुसरं टोक असं सगळे म्हणतात. नगरपालिकेला पत्र दिलं होतं, त्यांनी एक माणूस बरोबर दिला. आत जायचं नाही हे आधीच ठरलं होतं आणि इथे थोडं सविस्तर लिहून ठेवतो कारण पुढे कुणाला तरी हौस येणारच. मोकळ्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, बंद जागेत तो १९.५ च्या खाली गेला की धोका धरतात, आणि हे नाकाला अजिबात कळत नाही. गटारात हायड्रोजन सल्फाइड साठतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून लोक म्हणतात वास आला की बाहेर येऊ, पण प्रमाण वाढलं की हा वायू नाकच बधिर करतो, वास यायचा थांबतो आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. तेव्हा टॉर्च लावून डोकावणंसुद्धा जाळीच्या बाहेरूनच.

फोटोवाल्याने चार मीटरच्या काठीला कॅमेरा आणि लाइट बांधून जाळीतून आत सरकवला. तीन वेळा कॅमेरा फिरला, एकदा फक्त स्वतःचाच लाइट दिसला, चौथ्यांदा जमलं.

विटांचं बांधकाम, सुबक. उंची अंदाजे १.२ मीटर, रुंदी ८० सेंटीमीटर. घोडेस्वार सोडा, घोडासुद्धा नाही. आणि आकार अंड्यासारखा, निमुळतं टोक खाली. इंजिनिअरने फोटो बघितला आणि दोन सेकंदात म्हणाला, मोरी आहे. १९ व्या शतकात शहरांमधून सांडपाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या मोऱ्या अशा बांधायचे. कारण असं की पाणी थोडं असताना ते खालच्या अरुंद भागात गोळा होतं, त्यामुळे त्याला खोली आणि वेग मिळतो आणि गाळ बसत नाही, पाऊस आला की वरचा रुंद भाग कामाला येतो. तळ सपाट असता तर थोडं पाणी पसरून रेंगाळलं असतं. उंची रुंदीच्या दीडपट हे त्या मोऱ्यांचं ठरलेलं माप, आणि आपलं १.२ ला ०.८ बरोबर दीडपट. उतार नदीकडे. बाजाराकडून येतेय.

मला खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण काठावर बसून पहिल्यांदा डोक्यात आलं ते सरांना कोण सांगणार.

१६ फेब्रुवारी

मीच सांगितलं. फोटो घेऊन घरी गेलो. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला, मग म्हणाले, "गटार?" मी म्हटलं, पावसाच्या पाण्याची मोरी सर. म्हणाले, "एकच ते."

मग काही वेळ शाळेच्या जुन्या गोष्टी सांगत बसले आणि निघताना म्हणाले की बाजारचौकाचा स्टॉप दुसऱ्या कुणाला द्या.

२२ फेब्रुवारी, रविवार

ताईंना नगरपालिकेच्या जुन्या वार्षिक अहवालात ओळ सापडली, बाजारातलं पावसाचं पाणी नदीत सोडण्याच्या मोरीचा खर्च. एवढीच ओळ, नकाशा नाही, काही नाही. पण 'का' आली. आता तीन खुणांपैकी दोन मोरीच्या बाजूने.

मीटिंगमध्ये दोन मतं. एक, भुयाराचं नावच काढायचं नाही, उगाच अफवा कशाला पसरवा. दुसरं माझं, की लोक भुयारासाठीच येणार, आपण नाही सांगितलं तर ते परत जाताना एकमेकांना सांगतील आणि आपण फक्त अडाणी ठरू. शिवाय कितीतरी जुन्या गावांत भुयाराची गोष्ट असते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा अशीच मोरी, तळघर नाहीतर पाण्याचा नळ असतो. कुणीतरी खोदताना कमान बघितली, आत अंधार होता, पुढचं माणसाने भरलं. हेही गावाबद्दल काहीतरी सांगतंच ना. निर्णय झाला नाही, चहाची वेळ झाली.

१ मार्च, रविवार

बोलणाऱ्यांची तयारी. चौघं बोलणार. पहिल्यांदा सगळ्यांनी स्क्रिप्ट लिहून आणली आणि वाचली, आणि चौघंही बातम्या देतायत असं वाटायला लागलं. स्क्रिप्ट जप्त. त्याऐवजी प्रत्येक जागेला पोस्टकार्डाएवढं एक कार्ड : एक साल, एक गोष्ट, बोटाने दाखवायची एक वस्तू, एक प्रश्न. बाकी तोंडाने.

फ्रीमन टिल्डन म्हणून एक अमेरिकन लेखक होऊन गेला, त्याने १९५७ मध्ये वारसास्थळं कशी समजावून सांगावीत याची सहा तत्त्वं मांडली, आजही पार्क आणि म्युझियमवाले तीच शिकवतात. त्यातलं एक असं की नुसती माहिती देणं म्हणजे समजावणं नव्हे, आणि दुसरं असं की शिकवण्यापेक्षा ऐकणाऱ्याला डिवचायचं. डिवचायचं हा माझा शब्द, पण अर्थ तोच. उदाहरणार्थ गोदामाचं जोतं रस्त्यापासून पाऊण मीटर उंच का, असं नुसतं विचारून थांबायचं. कुणी पूर म्हणतं, कुणी उंदीर, कुणी गाडीच्या फळीएवढी उंची म्हणजे पोती सरकवायला सोपं म्हणतं. तिघंही बरोबर असू शकतात.

आणि प्रत्येक जागी शेवटी अर्धा मिनिट गप्प राहायचं, लोकांना बोलू द्यायचं. जेन्स वॉकवाले असंच करतात, टोरांटोत २००७ ला, शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्जच्या आठवणीत सुरू झालेली चळवळ आहे, आता बऱ्याच देशांत मे महिन्याच्या सुरुवातीला अशा फुकट फेऱ्या निघतात आणि नेणारा माणूस तज्ज्ञ असायलाच हवा अशी अट नसते, चालता चालता गप्पा असा सगळा प्रकार. अर्धा मिनिट गप्प राहणं हे चौघांनाही सगळ्यात अवघड गेलं.

८ मार्च, रविवार

ताईंची मावशी व्हीलचेअर वापरते. त्या म्हणाल्या मला नुसतं विचारू नका, मला फिरवून बघा. फिरवलं. नऊपैकी पाच जागांना आम्ही अडकलो आणि त्यातल्या तीन ठिकाणी आम्हाला कधी पायरी दिसलीच नव्हती, रोज तिथून जाऊन.

वाचनालयाला तीन पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, एकूण ४५. रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा चढा नको म्हणजे ५.४ मीटर लांब रॅम्प लागणार, तेवढी जागाच नाही, थेट रस्त्यात जातो. कुणीतरी दोन फळ्या टाकू म्हणालं, मावशी म्हणाल्या तूच बस आणि ये खाली. शेवटी वाचनालयाचा स्टॉप पायऱ्यांच्या वर न करता समोरच्या झाडाखाली घेतला, कमान तिथून उलट जास्त चांगली दिसते. पुलाकडे जाताना एक गल्ली बदलली, ९० मीटर वाढले. घोळक्यालाही नवी गल्ली बरी आहे.

१५ मार्च, रविवार

ट्रायल, घरचेच १४ जण. जे जे चुकायचं ते चुकलं.

शाळेसमोर मी सूर्याकडे पाठ करून उभा राहिलो, म्हणजे सगळ्यांच्या डोळ्यांत ऊन. ऊन बोलणाऱ्याच्या तोंडावर आणि ऐकणाऱ्यांच्या पाठीवर, हे कुठेतरी वाचलं होतं तरीही. रस्ता ओलांडताना अर्धे अलीकडे अर्धे पलीकडे आणि मी पलीकडच्यांना सांगायला सुरुवात पण केली. आता नियम, सगळ्यात मागे आपला एक माणूस, त्याने हात वर केल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वळणावर थांबायचं नाही, वळण ओलांडून थांबायचं, नाहीतर शेपूट आधीच्याच रस्त्यावर राहतं. छोटा स्पीकर आणला होता तो पुलावर वाऱ्यात निरुपयोगी आणि गल्लीत एवढा मोठा की लोक खिडक्या उघडून बघायला लागले. स्पीकर रद्द, २० पेक्षा जास्त माणसं घ्यायची नाहीत, आवाज पुरतो.

बाजारचौकात इंजिनिअर बोलला. मोरी, उतार, दीडपट, सगळं बरोबर. आणि सगळ्यात कंटाळवाणा स्टॉप तोच झाला. त्याच्याच बायकोने सांगितलं त्याला, आम्हाला बोलावं लागलं नाही.

२४ मार्च

छापील नकाशात मी विहीर आणि छापखान्याचे नंबर उलटे टाकले. २०० प्रती. कुणी काही म्हणालं नाही पण ग्रुपवर अंगठ्याची खूणसुद्धा नाही आली. रात्री बसून २०० नकाशांवर पेनने दुरुस्ती, कॉलेजच्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी निम्मे केले.

५ एप्रिल, रविवार

नावनोंदणी ६० ला बंद. तीन ग्रुप, २० मिनिटांच्या अंतराने. एका जागेची सहा मिनिटं आणि पुढच्या जागेपर्यंत चार, म्हणजे दोन ग्रुपमध्ये कायम दोन जागांचं अंतर राहील, एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. कागदावर तरी.

संध्याकाळी सर आले. हातात कार्ड, पोस्टकार्डाएवढं, स्वतः लिहून आणलेलं. म्हणाले, बाजारचौक मीच करतो, तिन्ही ग्रुपला. गोष्ट मी माझ्या पद्धतीने सांगणार, घोड्यासकट, आणि मग तुमचा फोटो काढणार. मी म्हटलं, सर नक्की? म्हणाले, "चाळीस वर्षं मीच सांगितली, मग आता दुसऱ्याने का सांगायचं."

१८ एप्रिल, शनिवार

झालं! ६० पैकी ५२ आले आणि नाव न नोंदवलेले ७. पहिला ग्रुप वेळेत निघाला, दुसरा आठ मिनिटं उशिरा, तिसरा त्याच्यामुळे उशिरा, छापखान्यापाशी दोन ग्रुप भेटलेच. एका काकांची चप्पल तुटली, बाकी कुणाला काही झालं नाही. पाणी कमी पडलं.

मनोऱ्यापाशी नऊ दहा वर्षांच्या मुलाने विचारलं की घड्याळावर रोमन चार चुकीचा का लिहिलाय, चार उभ्या रेघा आहेत, शाळेत तर पाचाच्या आधी एक रेघ शिकवतात. तीन महिने आम्ही त्या मनोऱ्याखाली उभे राहतोय, एकालाही दिसलं नव्हतं. बोलणारी मुलगी सरळ म्हणाली, मला माहीत नाही, शोधून सांगते. घरी येऊन बघितलं, जुन्या घड्याळांवर चार रेघा सर्रास असतात, कारणं पाच सहा सांगतात आणि एकही पक्कं नाही. लंडनच्या बिग बेनवर मात्र शाळेतलाच चार आहे. मुलाच्या आईला मेसेज केला.

आणि सर. चौकात झाकणाच्या लोखंडी पट्ट्यांवर काठी टेकून उभे राहिले, आवाज खाली आणला आणि घोडेस्वार निघाला. नदीपलीकडे पोचेपर्यंत कुणी हललं नाही, मलाच एक क्षण वाटलं की असेल बुवा. मग खिशातून फोटो काढला आणि म्हणाले, "आता हे बघा, याची उंची माझ्या छातीपर्यंत. घोडा कुठून जाणार सांगा?" लोक हसले आणि फोटो हातोहात फिरला. मग अंड्याचा आकार का, ते त्यांनी हाताच्या ओंजळीने समजावलं, बोटं जुळवली की पाणी कसं खोल राहतं आणि तळवे पसरले की कसं सांडतं. इंजिनिअर बघतच राहिला. मग सर गप्प झाले, ठरल्याप्रमाणे अर्धा मिनिट.

दुसऱ्या ग्रुपच्या वेळी त्या अर्ध्या मिनिटात मागून एक आजोबा बोलले. नोंदणी नसलेल्या सातांपैकी एक. म्हणाले, माझे वडील यात उतरायचे. पावसाळ्याच्या आधी गाळ काढायला, वाकून, कमरेला दोर बांधून. मी वर दोर धरून बसायचो, लहान होतो, दोर दोनदा हलला की ओढायचा. शाळेमागे आणखी एक तोंड आहे, आता त्यावर फरशी घातलीय.

सरांनी विचारलं, "तुम्ही माझ्या वर्गात होतात का?" आजोबा म्हणाले, नाही, मी शाळेत नव्हतो.

१९ एप्रिल, रविवार

हिशोब : नकाशे ११ उरले. फॉर्म ३४ परत आले, त्यातल्या १९ जणांनी बाजारचौक आवडला लिहिलंय, दोघांनी आवाज ऐकू आला नाही लिहिलंय, एकाने फक्त "छान" आणि खाली बसायला बाक हवेत. बाक मिळणार नाहीत पण घडीच्या चार खुर्च्या मागचा माणूस नेऊ शकेल का बघायचं. तिसऱ्या ग्रुपला अर्धा तासाचं अंतर ठेवायचं.

शीटमध्ये मोरीच्या ओळीला 'का' आणि 'डो' होतं, आता 'ऐ१' पण लावलं. शाळेमागचं तोंड ही नवीन ओळ, पुरावा 'ऐ१', परवानगी शाळेची.

आजोबा हो म्हणालेत, मंगळवारी साडेपाचला त्यांच्या घरी. रेकॉर्डर चार्ज करायचा. ताईंच्या बरोबर मी जाणार होतो, पण सरांना यायचंय म्हणून मी थांबतोय, तिघं झालो तर गर्दी होईल.